अठ्ठावीस मुलींचं स्थळ

आमच्या बालगृहाच्या अधीक्षिकांना मुलींपासून पोस्टमनपर्यंत सगळे नुसतं ‘बाई’ म्हणत. नव्या माणसाचं तोंड बघायच्या आधी बाई त्याची बॅग बघायच्या. चाकांची असली की हजेरीवहीत नाव पेन्सिलीने. एजन्सीमार्फत सहा महिन्यांच्या करारावर समाजसेविका म्हणून मी म्हसळ्याला उतरले, तेव्हा माझ्या बॅगेला चार चाकं होती. बाईंनी पेन्सिलीला टोक काढलं.

त्यांचाही इलाज नव्हता. संस्था स्वतः माणसं नेमायची नाही. एजन्सी पाठवील ती यायची आणि पनवेलला बरं काम मिळालं की जायची. बाई त्यांना पाहुणे म्हणत. ‘पाहुण्यांना जेवायला वाढा, फाइल देऊ नका,’ असं त्या स्वयंपाकघरात सांगत.

मी फाइल घेतलीच. तन्वी, वय अकरा. मी काही विचारायच्या आत तिनेच सुरुवात केली. ‘नाव, गाव, आई कशी वारली, बाबा कुठे गेले. लिहा ताई, मी सावकाश सांगते.’ आईच्या आजारपणापाशी माझं पेन थांबलं. ती उठली आणि पाण्याचा पेला घेऊन आली.

‘आधीच्या ताई पण इथेच रडल्या होत्या,’ ती समजुतीने म्हणाली.

त्याच संध्याकाळी बाईंनी नियम काढला: जो इथे दोन पावसाळे काढील, त्यानेच तन्वीला काही विचारायचं.

पुढच्या आठवड्यात संस्थेचे सचिव आले. बाईंनी त्यांना तन्वीच्या फाइलमधलं पहिलं पान मोठ्याने वाचायला लावलं. मग दुसऱ्या ताईने लिहिलेलं पहिलं पान. मग तिसरीने लिहिलेलं. अक्षर वेगळं, मजकूर तोच. चौथ्याला सचिवांनी चष्मा काढला.

‘बाई, इकडे शिकलेली माणसं मिळत नाहीत हो.’

‘मी आणली तर कायम कराल?’

ते हो म्हणाले, बहुधा वाचन थांबावं म्हणून. बाईंनी ते लिहून घेतलं.

जवळच्या तळा गावात सुजाता नावाची एक मुलगी समाजकार्याचं शिक्षण घेऊन घरी बसली आहे, असं कळलं. बाईंनी फोनवर ‘मुलगी बघायला येतो’ एवढंच सांगितलं आणि मला बरोबर घेतलं. पोचलो तर अंगणात खुर्च्या मांडलेल्या, काका मंडळी इस्त्रीच्या शर्टांत आणि सुजाता साडी नेसून पोहे घेऊन उभी. बाईंनी पोहे खाल्ले, वर लिंबू मागितलं. शेवटी वडील घसा खाकरून म्हणाले, ‘मुलगा काय करतो?’

बाई रंगात आल्या की त्यांची गावची बोली निघायची.

‘मुलगा न्हाय,’ त्या म्हणाल्या. ‘अठ्ठावीस मुली हायत.’

बाईंनी सगळं समजावून सांगितलं, तशी सुजाता इतकी हसली की हातातल्या ताटातली बशी पडली. ‘मला पसंत आहे,’ ती म्हणाली.

परतीच्या एसटीत मी विचारलं, ‘बाई, मला का नाही विचारलंत?’

‘भिडेखातर हो म्हणाली असतीस. भिडेची माणसं दिवाळीपर्यंत टिकतात.’

म्हसळ्याला उतरल्यावर मी म्हणाले, ‘मी राहते.’

‘खोली बघून ठेवलीय,’ बाई म्हणाल्या. ‘नळाला पाणी येतं.’

दुसरा पावसाळा सरताना तांदूळ निवडता निवडता तन्वी आपणहून बोलली. आईची एक मावसबहीण रेवसच्या धक्क्यावर मासळी विकते, लहानपणी आपण तिच्याकडे राहायला जायचो.

‘आधी का नाही सांगितलंस?’

‘ताई अर्धं शोधून निघून गेली असती.’

मावशी सापडली. तिनेही हिला पुष्कळ शोधलं होतं. कितीतरी भेटी आणि बालकल्याण समितीकडे कितीतरी खेपा झाल्यावर तन्वी तिच्या घरी गेली.

काही वर्षांनी बाई निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी सुजाता अधीक्षिका झाली. समारंभाचे हार यायच्या आधीच, मुली शाळेत असताना, बाई पिशवी उचलून थांब्यावर गेल्या. मी मागोमाग धावले.

‘मुलींना भेटून तरी जा.’

‘निरोप त्यांनी पुष्कळ घेतलेत,’ बाई म्हणाल्या. ‘रविवारी जेवायला येते, एवढं सांग.’

त्या रविवारी त्या आल्या. पुढच्याही प्रत्येक रविवारी आल्या, गुडघे चालले तोवर आणि नंतर रिक्षाने. गेल्या वर्षी त्या वारल्या. त्या आठवड्यात मुलींना जेवायला बसवून मला सांगावं लागलं, की या रविवारी बाई येणार नाहीत.