वाढत्या अंगाचं पोलकं

आमच्या घरी लेकरांचे कपडे कधी अंगाबरोबर शिवले नाहीत. वाढतं अंग, म्हणून चारी बाजूंनी दोन बोटं जास्त. कापड कंट्रोलचं, वरचेवर मिळायचं नाही, त्यामुळे आमच्या इतवारा पेठेतल्या सगळ्याच पोरी ढगळ फिरायच्या. मी शिवणाच्या वर्गाला जायची, म्हणून घरातली कात्री माझ्या हाती. तोरा तर विचारूच नका!

माझी धाकटी बहीण बारा वर्षांची. थंडीच्या दिवसांपासून तिचा ताप हटत नव्हता. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दापोऱ्याला मावशीकडे जायचं, नवं पोलकं घालून झोका खेळायचा, एवढंच तिच्या डोक्यात.

मागच्या उन्हाळ्यातल्या पोलक्याचा कागदी नमुना मी जपून ठेवला होता. जुन्या वर्तमानपत्राचा होता तो, कुठलंसं संस्थान विलीन झाल्याची अर्धी बातमी त्यावर होती. माप घ्यायला टेप काढली तर आई म्हणाली, "वाढत्या लेकराला काहून मोजतेस गं? दृष्ट लागते." मग काय, नमुन्याला दोन बोटं वाढवून मलमल कापली.

घातल्याबरोबर ते खांद्यांवरून घसरलं. मी नमुन्याचा कागद तिच्या पाठीला लावून पाहिला. मागच्या वर्षीचा कागदसुद्धा तिला मोठा होत होता. आई दारात उभी होती. तिनंही पाहिलं, आणि चुलीकडे गेली.

"ताई, कापू नको हं," धाकटी म्हणाली. "आतल्या आत दुमड. पुढच्या वर्षी लागेल ना."

मी आत घेतलं. आठ दिवसांनी पुन्हा घ्यावं लागलं. मग पुन्हा. काढघाल करताना तिला धाप लागायची, म्हणून अंगावरच टाके घालू लागले. अंगावर शिवू नये म्हणतात, तसं मेलेल्या माणसाचं शिवतात. तो अपशकुन टळावा म्हणून आई दरवेळी गवताची काडी तिच्या दातांत धरायला द्यायची. काडी सांभाळत ती गालातल्या गालात हसायची. एकदा आतली जाड शिवण बरगड्यांना टोचते म्हणून कुरकुरली, तर मी खेकसले, "तूच म्हणालीस ना, कापू नको? आता सोस!" आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

आखाजीला चार दिवस होते, तेव्हा ती गेली. बायका म्हणाल्या, नवं पोलकंच घाला. घातलं तर गळ्याशी पुन्हा सैल. मी सुई ओवली, आणि सवयीनं एक काडी मोडून तिच्या ओठांपाशी नेली.

आईनं माझा हात धरला. काडी काढून घेतली आणि तिथं तुळशीचं पान ठेवलं.

"शिव आता," ती म्हणाली.