एका मुठीचे दोन ब्रेक

"पयतस ते बठ्ठाच. थांबस का, ते सांग."

पळतात ते सगळेच, थांबतं का ते सांग. दुकानात कुणीही सायकल घेऊन आलं, की अक्का पहिलं हे विचारायच्या. गिऱ्हाईक गिअरचं कौतुक सांगत असे, रंगाचं सांगत असे. अक्का पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरून ब्रेकची मूठ दाबत आणि दाबताना डोळे मिटत. नाडी बघताना डोळे मिटणारे वैद्य मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांच्याविषयी माझी खात्री नाही. अक्कांना मात्र खरंच काहीतरी कळत असे.

जळगावात आमच्या घरामागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. मूळ नवऱ्याचं. तो गेल्यावर लोकांना वाटलं, आता शटर पडणार. पंधरा दिवसांनी अक्कांनी पदर खोचला आणि पान्हा उचलला. माहेर धुळ्याकडचं, लहानपणी बापाची बैलगाडी हाकलेली. त्यामुळे बोली अहिराणी आणि चाकांशी ओळख जुनी.

दुरुस्त केलेली सायकल स्वतः चालवून बघितल्याशिवाय त्या कुणाला देत नसत. आणि बघायची रीत अशी, की शेजारच्या टपरीकडे वळून ओरडायचं, "भाऊ, एक परीक्षेचा!" टपरीवाला काचेचा ग्लास बोटभर कमी भरून आणून द्यायचा. तो ग्लास हँडलच्या जाळीच्या टोपलीत, फडक्याच्या बेचक्यात बसवायचा, गल्लीच्या टोकापासून सायकल जोरात आणायची आणि दुकानासमोर थांबवायची. चहा सांडला तर ब्रेक आडमुठा. दुकान मागे राहिलं तर ब्रेक आळशी. दोन्ही झालं नाही, तर अक्का तो गार चहा पिऊन टाकत आणि म्हणत, "न्या."

माझी त्यांच्याशी गाठ पडली ती माझा डावा हात गेल्यावर. म्हणजे हात जागेवरच आहे. लकव्याच्या एका झटक्याने त्याची पकड गेली. हँडलवर ठेवला तर राहतो, पण दाबत काही नाही. एरवी मी वाचनालयात ग्रंथपाल; दोन्ही हातांनी करायचं असं तिथे फारसं काही नसतं. पण वाचनालयात मी तीस वर्षं सायकलवर गेलो होतो. आठ महिने रिक्षाने गेलो आणि कळलं, की रिक्षात बसलेला माणूस पोचतो, जात नाही. बायकोने अट घातली, "सायकल थांबते असं अक्कांनी सांगितलं तर जा. तुमच्या सांगण्यावर नाही."

"एका मुठीत दोन्ही ब्रेक पाहिजेत," मी अक्कांना म्हणालो.

सायकल क्लबचे अध्यक्ष तेव्हा दुकानात होते. दर रविवारी हेल्मेट घालून ते सायकलीशेजारी फोटो काढून घेत. ते म्हणाले, "याचा तयार पार्ट बाहेरच्या देशात मिळतो. मागवावा लागेल."

"मागवा," अक्का म्हणाल्या. "तवर आम्ही बनवतो."

आणि बनवायला बसल्या! माझ्या जुन्या काळ्या सायकलीचा आडवा दांडा कापून खाली आणला, म्हणजे पाय उंच टाकायला नको. सळईचे ब्रेक काढून वायरचे बसवले. मग वीतभर लोखंडी पट्टी माझ्यापुढे धरली.

"मास्तर, हे काय शे?"

"मी मास्तर नाही, अक्का. ग्रंथपाल."

"पुस्तकांसमोर बसतस ना? मंग मास्तर. हे जू शे."

पट्टीच्या एका टोकाला पुढच्या ब्रेकची वायर, दुसऱ्या टोकाला मागच्या. मधे एक भोक पाडायचं, त्यात मुठीची वायर. मूठ एक, बैल दोन. आणि मधलं भोक ज्या बैलाच्या जवळ, त्याच्यावर ओढ जास्त. मी अक्षरशः टाळी वाजवायला गेलो. एका हाताने वाजली नाही.

आता मी गप्प बसायला हवं होतं. पण आदल्या रात्री मी सायकलीवरचं पुस्तक वाचलं होतं. सायकल मुख्यतः पुढच्या ब्रेकने थांबते, असं त्यात आकृतीसकट होतं. "भोक पुढच्या वायरीजवळ पाडा," मी म्हणालो. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं, मुकाट्याने पाडलं आणि ओरडल्या, "भाऊ, एक परीक्षेचा!"

गल्लीच्या टोकापासून त्या आल्या. दुकानासमोर मूठ दाबली. मागचं चाक हातभर वर उचललं गेलं, चहा माझ्या सदऱ्यावर आला आणि अक्का हँडलवरून जाऊन दोन्ही तळव्यांवर पडल्या.

धावलो. त्या उठून बसल्या, तळव्यांवरची खडी झटकली. खरचटून रक्त आलं होतं.

"पुस्तक खरं शे, मास्तर," त्या म्हणाल्या. "पण मी दोन हात टेकले. तुमचा एक टेकत नाही, दुसरा मुठीवर. तुम्ही काय टेकाल, तोंड?"

मनात मी पुन्हा रिक्षात बसलो होतो.

अक्का मात्र हळद लावून पट्टीकडे वळल्याही होत्या. "पुढचा ब्रेक अवखळ गोऱ्हा शे. त्याला जुवाची लांब बाजू द्यायची, ओढ कमी. मागचा म्हातारा बैल. तो आधी धरतो, मग गोऱ्हा." मागच्या वायरीच्या जवळ त्यांनी दुसरं भोक पाडलं. पहिलं बुजवायचं का, असं मी विचारलं.

"राहू द्या. हे मास्तरनं माप, हे मनं." म्हणजे पहिलं भोक माझं, दुसरं त्यांचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही रेल्वेपुलावर गेलो. आधी त्यांनी स्वतः उतारावरून सायकल खाली नेऊन थांबवली आणि परत वर आणली. मग सोबतच्या किटलीतून ग्लास नव्याने भरून माझ्या टोपलीत ठेवला आणि पुलाच्या पायथ्याशी जाऊन उभ्या राहिल्या. मी सायकल सोडली. वारा कानात भरला. चाळीसगावची एसटी शेजारून गेली आणि मी तिच्याबरोबर काही क्षण बरोबरीने गेलो, हे कुणी मानो वा न मानो. मग मूठ दाबली. आधी मागून कुणीतरी कमरेला धरावं तसं झालं, मग पुढचं चाक शहाण्यासारखं थांबलं, अक्कांच्या चपलेपासून वीतभर अंतरावर. मी ओरडलो. काय ओरडलो ते ग्रंथपालाने लिहू नये.

अक्कांनी ग्लास उचलून उजेडात धरला, पिऊन टाकला. "न्या."

अक्का जाऊन वर्ष झालं. क्लबने श्रद्धांजलीचा फलक लावला. त्यात अध्यक्षांचा फोटो अक्कांच्या फोटोपेक्षा ठसठशीत होता. दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

गेल्या महिन्यात मुठीची वायर तुटली. स्टेशनजवळच्या मेकॅनिककडे गेलो. भला माणूस. त्याने पट्टी उलटसुलट करून पाहिली.

"काका, ही वायर कोणत्या भोकात होती? दोन दिसतात."

"मागच्या वायरीजवळच्या. दुसरं माझं आहे."

त्याला ते कळलं नाही, पण वायर बरोबर बसवली. पान्हा पुसत म्हणाला, "झालं. न्या."

"थांबा," मी म्हणालो. "एक चहा मागवा."

"दमलात का काका? बसा, घ्या ना."

"मला नको," मी म्हणालो. "टोपलीत ठेवा."