पाठ बघू द्या

"पाठ बघू द्या," म्हणत मास्तर गिऱ्हाइकाला खांद्याला धरून फिरवायचे. तुम्ही शिंपी पाहिलेत ना, ते छातीपासून टेप लावतात. आमचे मास्तर पाठीपासून. "पुढून समदेच नटतेत, अक्का. माणूस पाठीत असतंय." त्यांनी शिवलेल्या कपड्यांची काजं-बटणं मी करायची.

लातूर नवा जिल्हा झाला, तेव्हा एका शाळेच्या बाई जाडजूड पुस्तक घेऊन आल्या. त्यात पाच-सहाशे वर्षांपूर्वीच्या युरोपातल्या नवरा-बायकोचं चित्र. जिल्ह्याच्या कार्यक्रमातल्या नाटकाला तसेच कपडे हवे होते.

पुरुषाचं जमलं. लोकर कुठली आणायची? घोंगडी फाडली. आखूड डगला, छातीत कापूस भरलेला. खाली पायजमा नाहीच. दोन पायांना दोन लांब मोजे, वर डगल्याला नाड्यांनी बांधलेले. मास्तर खो खो हसले. "एक नाडी सुटली की सायेबाची अब्रू गेली!"

बाईचा झगा मात्र अडला. छातीखाली पट्टा, लोंबत्या बाह्या, बाजूनं लोळणारा घोळ. मास्तरांनी पान उलटून पाहिलं, खरंच, जणू पलीकडं असेल.

"हिची पाठ कुठाय?"

"चित्राला कुठली पाठ, मास्तर?" मी म्हणाले. "शिवा अंदाजानं."

"आपल्याला न्हाई जमत तसं."

आठ दिवस झगा पाठीविना खुंटीला लटकला. कार्यक्रम परवावर आला. काजं द्यायला गेले तर मास्तर मशीन बंद करून बसलेले.

"तुमची वहिनी दुष्काळात तलावाच्या कामावर गेली, त्या दिशी मी बाही जोडत होतो. येते म्हणली. मी हं म्हणलं. मान वर केली तवर ती फिरली होती."

वहिनी तिकडंच तापानं गेली, हे मला ठाऊक होतं. पुढचं नव्हतं.

"फोटो न्हाई काढला कधी. आता तोंडच आठवंना गेलंय, अक्का. पाठ तेवढी दिसती. अन् हिला तोंड हाय, पाठ न्हाई."

मग उठले. टेप घेतला नाही, खडू घेतला नाही. कात्री घेतली.

कार्यक्रमाला आम्ही पडद्यामागं उभे होतो. झगा घातलेली पोरगी पाठमोरी. शाळेच्या बाई कुजबुजल्या, "मास्तर, डावा खांदा उतरलाय की!"

"तसाच असतोय तो."

वहिनीच्या त्या खांद्यामागून मी किती वर्षं आडावर पाण्याला गेले होते.

"येते मी, मास्तर," पोरगी म्हणाली. वळून विचारणार, बरं दिसतंय का.

"फिरू नको, माय. जा. बघतोय मी."

ती गेली. पडदा हलायचा थांबला तरी मास्तर बघतच होते.

त्यानंतर मी दुकानातून निघाले की मशीनची खडखड थांबायची. मी गल्लीच्या वळणाला पोचेपर्यंत. मगच सुरू व्हायची.

मास्तर गेले, दुकानही गेलं. आता तिथं मोबाईलची कव्हरं लटकतात. तरी त्या वळणाला आले की मागं काहीतरी खडखडता खडखडता थांबतं. मी वळून बघत नाही. पदर तेवढा पाठीवर नीट करते.