ॲमस्टरडॅमच्या पाटावर दाजी

शाळेत मी तास घेत होतो, तेव्हा अक्काचा फोन आला. “तुझ्या दाजींना मारून टाकलं रे...” पुढं नुसतं रडणं. पाटाच्या कडेला, भर दुपारी, डोक्यात खोऱ्याचा एकच घाव.

दाजींची सगळी नोकरी राहुरीकडच्या पाटावर पाटकरी म्हणून गेली. पाळीचं पाणी पार टेलच्या, म्हणजे पाटाच्या शेवटच्या शेतापर्यंत पोचवायचं, वाटेत कुणी चोरून पाइप टाकला की कोयत्यानं तोडायचा. निवृत्तीनंतरही ते थांबले नाहीत. माझंही शेत त्याच पाटावर; माझा पाइप त्यांनी दोनदा तोडला. दुसऱ्यांदा मी त्यांची गचांडी धरली, अक्का मध्ये पडली म्हणून निभावलं. त्यानंतर वर्षभर बोलणं बंद.

मग तिकडं राहणाऱ्या भाचीनं, अक्काच्या लेकीनं, आम्हा तिघांना ॲमस्टरडॅमला नेलं. गल्लोगल्ली कालवे, काठोकाठ भरलेले. लोक फोटो काढत होते आणि दाजी काळजीनं विचारत होते, “टेलला पानी पोचतं का?” दुसऱ्या दिवशी एका घरबोटीतून कालव्यात पाइप सोडलेला दिसला, मोटर चालू. मी “दाजी, नको!” म्हणेपर्यंत त्यांनी तो उपसून फेकलाही. बोटीवरच्या धिप्पाड माणसानं त्यांच्या थोबाडीत दिली. दाजींनी त्याला कठड्यावर रेटलं. मी सोडवायला गेलो तर माझंच नाक फुटलं. पोलीस आल्यावर कळलं, तो बोटीत साचलेलं पाणी बाहेर टाकत होता! दाजींनी ओशाळून हात जोडले. मग फुटक्या ओठांनी माझ्याकडे बघून हसले. “मास्तर, मला वाटलं, हितं बी तुझाच पाइप हाय.”

भांडण तिथंच मिटलं. गावाकडं पुन्हा टाकलेला पाइप मात्र मी काढला नाही.

अक्काचा फोन आला त्या दुपारी दाजी कोयता घरीच विसरले होते. हातानंच एकाचा पाइप ओढायला लागले. मारणारा ओरडला, “आदी मेव्हन्याचा तोड, मग आमच्याला हात लाव!” शेजारच्या शेतातल्या बाईनं हे ऐकलं. दाजी म्हणाले, “त्याचा बी तोडनार हाय.” तेवढ्यात खोरं बसलं. तो आता कोठडीत आहे. त्याचे हात तोडावेत असं मला रोज वाटतं, खोटं कशाला बोलू? आणि माझे...

परवा पाटाला पाळी सुटली. अक्काच्या पडवीतल्या खुंटीवरचा कोयता काढला आणि पाटावर जाऊन माझा पाइप तोडला. पाच घाव लागले. मग पाण्याबरोबर काठानं चालत राहिलो. संध्याकाळी परत येऊन कोयता खुंटीला अडकवला. आत चुलीपाशी अक्का होती. दाजी आले की रोज विचारायची तसंच, मान वर न करता तिनं विचारलं,

“टेलला पोचलं का?”

“पोचलं, अक्का.”