खापराच्या कडा

त्या आठवड्यात मी घरात एका जागी म्हणून बसले नाही. भाजी निवडायला घेतली की दूध बघायला उठायचं, दूध बघितलं की मागच्या दारी जाऊन खापर जागेवर आहे का ते बघायचं. खापर कुठे जाणार होतं? वर्षभर तिथेच पोत्याखाली पालथं पडलेलं. पण मी जायची, पोतं उचलायची, परत टाकायची, आणि आत येईपर्यंत कशाला गेले होते तेच विसरायची.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, चार दिवसांवर आली होती. आखाजीला आमच्याकडे मांडे. धुळ्याहून थोरल्या नणंदबाई येणार, आणि मांडे मीच करायचे, हे इतकं ठरलेलं की कोणी विचारतसुद्धा नाही. पुरण भरलेला मऊ कणकेचा उंडा दोन्ही हातांवर फिरवत कोपरापर्यंत पसरायचा आणि तापल्या खापरावर चादरीसारखा टाकायचा. ते हातांना येतं, त्याची काळजी नव्हती. काळजी होती खापराच्या तावाची.

खापर म्हणजे चुलीवर पालथं घातलेलं मातीचं मोठं भांडं. ते तापलं की नाही हे सासूबाईंनी मला तळहाताने ओळखायला शिकवलं. हात चार बोटं वर धरायचा आणि माथ्यापासून कडेपर्यंत सगळीकडून फिरवायचा. हात सांगतो. लग्न होऊन आले तेव्हापासून सांगत आला, आणि गेल्या दिवाळीनंतर सांगेनासा झाला.

मला साखर आहे. गोळ्या घेते. आधी पायांचं झालं. बाजारातून रिक्षाने घरी आले, उतरताना बघते तर एका पायात चप्पल आहे आणि एका पायात नाही. ते मी सगळ्यांना हसून सांगितलं. मग हातांची बोटं बधिर झाली, ते कोणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सुनेने दुसऱ्या दिवसापासून मला चुलीजवळ येऊ दिलं नसतं. मायेनेच दिलं नसतं. पण मग खुर्चीवर बसून दिवसभर करायचं काय, हे मला कोणी सांगावं.

आमच्या जळगावात उन्हाळ्यात दुपारी नळ सोडला की पहिला तांब्या पोळतो. पाईपात तापलेलं पाणी ते. रोज दुपारी सगळे आडवे झाले की मी त्या धारेखाली बोटं धरून बघायची. कोणीतरी पलीकडच्या खोलीत बोलतंय आणि शब्द कळत नाहीत, तसं वाटायचं. मग दुसरा हात. त्यालाही तसंच.

माझी सून हायस्कूलला विज्ञान शिकवते. मी चौथीपर्यंत शिकले; पुढचं सगळं पोरांची पुस्तकं रद्दीत जायच्या आधी वाचून. तिचं उष्णतेच्या धड्याचं पुस्तक त्या दिवसांत माझ्या हाती लागलं. वाचायला बसले म्हणजे काय, उभ्यानेच वाचलं.

"काय गं, हे कण कधी थांबतच नाहीत का?" मी विचारलं.

ती कैरी चिरत होती. "नाही आई. जितकं गरम तितके जोरात हलतात."

"आणि गार झाल्यावर?"

"तेव्हाही हलतात. हळू."

हे मला आवडलं. "मग तापमान वेगळं आणि उष्णता वेगळी, असं का लिहिलंय?"

"तापमान म्हणजे एकेक कण सरासरी किती जोरात हलतो ते. आणि वस्तूत उष्णता किती भरलीय, तर सगळ्या कणांची हालचाल मिळून. कण जास्त, तर भरलेली उष्णता जास्त."

मी थोडा विचार केला. "म्हणजे या घरात मी एकटीच पळते. आणि लग्नघरात पन्नास जणी नुसत्या चालत असतात. तरी एकूण वर्दळ लग्नघरातच जास्त."

तिने सुरी खाली ठेवली. "हे मी वर्गात सांगू का?"

"सांग. सासूचं आहे म्हणू नको."

"पण आई, तुम्ही एवढ्या पळता कशाला?"

मी खापर बघायला गेले.

तोवर मी मनाशी एक युक्ती काढली होती. हात नाही तर नाही, पाण्याचा थेंब तर आहे. थेंब टाकायचा, चर्र झाला आणि नाचला की खापर तापलं. डोळ्याला दिसतं, कानाला ऐकू येतं, हाताचं काम काय? ही युक्ती मला इतकी पक्की वाटली की आखाजीच्या पहाटे मी सगळ्यांच्या आधी उठून चूल मांडली. बाभळीचं लाकूड धरायला वेळ लावतं, तेवढा धीर मला नव्हता. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांची मोळी होती, ती घातली. पऱ्हाटी भडाभडा पेटते. थोड्याच वेळात माथ्यावर थेंब टाकला. नाचला. परत टाकला, परत नाचला.

पहिला मांडा टाकला. माथ्यावर लगेच डाग पडले आणि बाजूंनी पांढराफटक, चिकटलेला. उचलायला गेले तर मधोमध फाटला. दुसराही तसाच.

नणंदबाई खाटेवर बसून बघत होत्या. म्हणाल्या, "वैनी, हाऊ मांडा शे का गोधडी? सुई-दोरा आनू का?"

"आणा अक्का, दोघी मिळून टाके घालू," मी म्हणाले, आणि आणखी पऱ्हाट्या सारल्या. थेंब नाचला. तिसरा मांडा माथ्यावर करपला आणि कडेला कच्चाच राहिला.

आता त्या हसल्या नाहीत. "खापरवर हात फिरावी पाह्य, वैनी."

"फिरवला," मी म्हणाले. खोटं बोलले.

सून पुरणाचं पातेलं घेऊन आली. तिने पातेलं ठेवलं आणि खापरावरून आपला तळहात फिरवला. "आई, माथा पेटलाय आणि कडा कोमट आहेत. सगळं खापर तापलंच नाही. वर ओली कणीक पडली की होती ती उष्णता ती पिऊन टाकते. तुम्हाला कळलं नाही?"

मला जाळापासून मागे सारायला तिने माझा हात धरला, आणि धरलेला हात उलटा करून बघत राहिली. दोन बोटांवर टपोरे फोड आले होते. मीही ते तिच्याबरोबरच पाहिले.

"कधी भाजलं?"

"मांडा सोडवताना असेल."

"असेल?"

नणंदबाई हळूच म्हणाल्या, "काल चहाना कढत गिलास तू धरीच ठेवा. तवयच माले समजनं."

"आई, उठा," सून म्हणाली.

"उठणार नाही." माझा आवाज मलाच परका वाटला. "आज उठले तर तुम्ही मला परत इथे बसू देणार नाही."

ती आत गेली. मला वाटलं मुलाला बोलवायला गेली. ती गार पाण्याचं भांडं घेऊन आली आणि माझा हात त्यात धरून ठेवला. बराच वेळ धरला.

"गार लागतंय?"

"ओलं लागतंय," मी म्हणाले. दिवाळीपासून पहिल्यांदा खरं बोलले.

तिने डोळे पुसले, धुरामुळे असतील. मग चुलीतल्या पऱ्हाट्या ओढून काढल्या, बाभळीची दोन लाकडं सारली, माझी बोटं स्वच्छ फडक्यात बांधली आणि पाट ओढून माझ्याशेजारी बसली. "मांडे तुम्ही टाका. ताव मी सांगते. सोडवायचे मी, तुम्ही खापराला हात लावायचा नाही. आणि सोमवारी डॉक्टरकडे."

"मंगळवारी."

"सोमवारी."

बाभळीने तिचा तिचा वेळ घेतला. मी उंडा थापला, मोडला, परत थापला. "माथा?" मी विचारलं.

"तापला."

"कडा?"

"नाही अजून."

"हात इतका खाली नको. चार बोटं वर. आणि एका जागी धरू नको, फिरव."

तिने फिरवला. मी तिच्या तोंडाकडे बघत बसले. आता काय कळायचं ते तिथूनच कळणार होतं. पुष्कळ वेळाने ती म्हणाली, "कडा आल्या. सगळीकडून सारखं लागतंय." मी मांडा कोपरापर्यंत पसरला आणि टाकला. माथ्यापासून कडेपर्यंत सारखे डाग उमटले. तिने सोडवला तर अख्खा सुटला.

नणंदबाईंनी पुढे येऊन तो घडी करून ताटात घेतला. "सुई ऱ्हाऊ दे आते," म्हणाल्या.

मी दुसरा उंडा हातावर घेतला. "कडा?"

"थांबा," सून म्हणाली. "ओल्या कणकेने गार झाल्यात. परत भरू द्या."

थांबले. पाय मात्र हलतच होता.