तंबाखूचा हात

मांजरीनं माझ्या रेशमाच्या अळ्या मारल्या नव्हत्या. त्या मी मारल्या, आणि तिच्यावर फांदी उगारली तेव्हा मला ते पक्कं माहीत होतं. गावात मी काही दिवस उलटं सांगत फिरलो. म्हणून हे आधीच लिहून टाकतो. पुढं वाचणाऱ्याचा माझ्याबद्दल काही चांगला गैरसमज व्हायला नको.

ती आमच्याकडं आली तीही मारामारीतूनच. बायकोच्या माहेरचं लग्न उरकून आम्ही तिघं केजकडून येत होतो. मांजरसुंब्याला एका ढाब्यावर चहाला थांबलो. ढाब्यामागं, जिथं खरकटं टाकतात तिथं, कुत्री मांजराच्या एका पिल्लाला फाडत होती. एकानं मान धरलेली, दुसऱ्यानं मागचा पाय. ट्रकवाले बाजेवर बसून बघत होते. त्यातला एक म्हणाला, "काळं कुत्रं नेतंय बघा." बाकीचे हसले.

माझी मुलगी तेव्हा सहावीत होती. ती सरळ कुत्र्यांत घुसायला निघाली. मी तिला मागं ओढलं, चुलीजवळचं जळणाचं लाकूड उचललं आणि काळ्या कुत्र्याच्या कमरेत घातलं. हाड मोडल्याचा आवाज मला हातात कळला. कुत्रं किंचाळत, मागचे पाय ओढत रस्त्याकडं गेलं. दुसऱ्यालाही तोंडावर हाणलं. पिल्लू खाली पडलं. त्याच्या एका कानाचा तुकडा गेला होता आणि मानेतून रक्त येत होतं.

गावापर्यंत मुलीनं ते माझ्या टॉवेलात गुंडाळून छातीशी धरलं. "पप्पा, तुम्ही नसता तर मेली असती ती," असं ती दोनदा म्हणाली. त्या वाक्यावर मी कितीतरी दिवस खूश होतो. त्या कुत्र्याचं पुढं काय झालं, हे मी कधी मनात आणलं नाही.

आमचं शेत चकलांब्याकडच्या रस्त्याला आहे. दोन एकर तुती आणि शेजारी रेशमाची शेड. घर शेडला लागूनच. मांजर घरात आली ती थेट धान्याच्या कोठीमागं गेली, आणि पहिले काही महिने तिचं शेपूटच काय ते आम्हाला दिसलं. ताटलीतलं दूध कोणी नसताना संपायचं. बायको म्हणायची, "ही मांजर हाय का भाडेकरू? तोंड न्हाई दाखवत, खाऊन मात्र जाती." पण रात्रीची भाकरी करताना तिच्यासाठी एक लहान चानकी थापून दुधात कुस्करायची तीच.

मुलगी कोठीजवळ जमिनीवर पालथी पडून अभ्यास करायची. धडे मोठ्यानं वाचायची. त्या आवाजाला मांजर हळूहळू बाहेर आली. आधी पुस्तकाजवळ, मग पाठीवर. पाहुणे आले की दोन दोन दिवस नाहीशी व्हायची. थोडी मोठी झाल्यावर तिनं शेड धरली. अळ्या ठेवायच्या रॅकखाली ती दबून बसायची आणि उंदीर, पाली धरायची. रेशमाच्या शेडला उंदीर म्हणजे काळ. आमच्या शेडमध्ये तिच्यामुळं उंदीर राहिला नाही. वर, रॅकवर, ती एकदाही चढली नाही. हे मी नीट आठवून लिहितो आहे.

मला ती सगळ्यात जास्त भ्यायची. माझ्या हातात विळा असो, दोरी असो, नुसती काडी असो, ती जागेवर नसायची. यात तिची काही चूक नव्हती. माझा हात लवकर उठतो. बैलांवर उठला, एकदा गड्यावर उठला. बायकोवर कधी उठला नाही असं मी म्हणणार नाही. मुलीवर मात्र तोवर उठला नव्हता, आणि त्याचा मला अभिमान वाटायचा, जणू काही मी तिच्यावर उपकार करत होतो.

दुसऱ्या वर्षी एका दुपारी मी शेडच्या पायरीवर रिकाम्या हातांनी बसलो होतो. मांजर आली आणि माझ्या पायाला पाठ लावून बसली. मी हललो नाही. पाय बधिर झाला तरी हललो नाही. मग रोज तसंच होऊ लागलं. "ये गं, ये ये" अशी मी हाक मारायला लागलो. मुलीच्या हाकेला ती यायची, तशी माझ्या हाकेलाही येऊ लागली. बायकोच्या हाकेला सुद्धा येत नसे. बायको म्हणाली, "बघा, तुमच्यावर पन जीव लावनारं कुनीतरी निघालं."

आता अळ्यांची ती बॅच.

अळ्यांना तंबाखू म्हणजे विष. तंबाखूच्या हातानं पाला टाकला तरी अळी मरते, हे प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी सांगतात. आमच्या शेडच्या दाराशी साबण असायचा, ब्लीचिंगच्या पाण्याचं घमेलं असायचं. मुलगी मला हात दाखवायला लावायची. "वास घेऊ द्या," म्हणायची आणि खरंच नाक लावायची. मी हसून हात पुढं करायचो.

चौथी कात टाकल्यानंतर अळ्या राक्षसासारखं खातात. दिवसरात्र फांद्या कापून आणायच्या आणि रॅकवर अंथरायच्या. चार दिवस धड झोप नव्हती. पाचव्या दिवशी पहाटे शेडमध्ये मी एकटाच होतो. डोळे मिटायला लागले. खिशातली पुडी काढली, तिथंच उभ्या उभ्या तंबाखू मळली, बार लावला. हात लुंगीला पुसले आणि पाला टाकत पुढं गेलो. पार शेवटच्या रॅकपर्यंत.

दुपारपर्यंत अळ्यांनी डोकी वर केली. मग त्या हिरवं ओकायला लागल्या, अंग पिळायला लागल्या, एकमेकींवर पडायला लागल्या. पांढऱ्याशुभ्र अळ्या बघता बघता आखडून काळपट झाल्या. हजारो. अळीला आवाज नसतो. पाला खातानाची जी सरसर शेडमध्ये चालू असायची, ती थांबली, एवढंच. मला बघताक्षणी कळलं काय झालंय ते.

बायको दारात आली. तिनं रॅककडं बघितलं आणि मग माझ्याकडं. "सकाळी हात धुतले होते का तुमी?"

"मांजर चढलती वर," मी म्हणालो.

"ती कधी चढती?"

"मी बघितली म्हनतो ना!"

तिला पटलं नव्हतं, ते तिच्या तोंडावर दिसलं आणि माझं डोकं फिरलं. आपलं खरं करून दाखवायला हवं, असं काहीतरी माझ्या डोक्यात आलं असावं. बायको घरात गेली. मी रॅकखालून पाला खाऊन राहिलेली एक जाड फांदी ओढली आणि पाठीमागं धरली. पाठलाग केला असता तर मांजर मला सापडलीच नसती. मी पायरीवर बसलो आणि हाक मारली.

"ये गं, ये ये."

ती आली. माझ्या पायाला पाठ लावायला ती वळली, तेव्हा मी पहिला फटका मारला. तो तिच्या मागच्या पायांवर बसला. ती ओरडली नाही. पुढच्या पायांनी जमीन ओढत रॅकखाली जायला लागली. मी शेपूट धरून तिला बाहेर ओढलं, लोखंडी खांबावर आपटलं आणि परत मारलं. तोंडानं मी काय बोलत होतो ते आठवत नाही. मुलगी धावत आली, मांजरीवर पडली, आणि पुढचा फटका तिच्या मनगटावर बसला. मला थांबता आलं असतं. मी आणखी एक मारला. तो तिच्या खांद्यावर लागला. मग बायकोनं मागून माझे केस धरून मला जमिनीवर पाडलं.

मुलीचं मनगट मोडलं होतं. दवाखान्यात मी सांगितलं, पायरीवरून पडली. मुलीनं माझ्याकडं बघितलं, डॉक्टरकडं बघितलं आणि गप्प बसली. मांजरीचं कमरेखालचं अंग हलत नव्हतं. बायकोनं तिला हळद लावून कोठीमागं ठेवलं आणि बोटानं दूध पाजलं.

बांधापलीकडं शेजाऱ्याची शेड आहे. लहानपणापासून आम्ही सोबतीचे. त्यानं विचारलं, "काय झालं बे? समदी बॅच बसली म्हनं?"

"मांजर फिरली रॅकवर. रोग आणला तिनं."

"मांजरीनं रोग येतो? नवीनच ऐकतोय."

"तुझ्या शेडमधी पन हाय ना एक? बघ बाबा."

माझं खोटं खरं वाटावं म्हणून मी ते शेवटचं वाक्य बोललो. दोन दिवसांनी तो फाट्यावर भेटला. लई खुशीत होता. "घातली पोत्यात. धोंड्यावर चारदा आपटली तरी आत वळवळत होती, लई चिवट. पिल्लं होती तीन, ती टाकीत बुडवली. तुझ्यामुळं वाचलो बे, न्हाईतर माझी पन बॅच गेली असती." त्यानं मला चहा पाजला. मी तो सगळा पिलो.

त्याच संध्याकाळी तो आमच्या दारात आला. हातात पोतं आणि फावड्याचा दांडा. "तुझीवाली जिवंत हाय म्हनं अजून? आन इकडं. अर्धवट मेलेली ठेवू न्हाई, सगळ्यांच्या शेडला रोग जाईल."

घरात मुलगी प्लास्टरचा हात घेऊन कोठीला पाठ लावून बसली. बायको तुती कापायचा कोयता घेऊन उंबऱ्यात उभी राहिली.

"भावजी, एक पाऊल टाकलं तर पाय तोडीन," ती म्हणाली.

"वैनी, मी तुमच्याच भल्याचं करतोय. ए, सांग की बे हिला!"

दोघंही माझ्याकडं बघत होते. मला दिसलं, की मी आता गप्प राहिलो तर इथं माणसाचं रक्त सांडेल, आणि तेही माझ्या खोट्यापायी.

"रोग नव्हता," मी म्हणालो. "तंबाखूच्या हातानं पाला टाकला मी. मांजरीचा काही संबंध न्हाई."

त्याला समजायला वेळ लागला. "म्हंजे माझी मांजर?"

"तिचा पन न्हाई."

"पिल्लं बुडवली बे मी! ह्या हातानं!" त्यानं दांडा माझ्या जबड्यावर मारला. मी पडलो. त्यानं पोटात लाथा घातल्या, आणि मारता मारता तो रडायला लागला. मी हात वर केले नाहीत. बायकोनं कोयता खाली ठेवला, पण त्याला अडवलं नाही. दमल्यावर तो पोतं तिथंच टाकून निघून गेला. अजून तो माझ्याशी बोलत नाही.

मांजर जगली. मागचा एक पाय कायमचा गेला. मी घरात पाऊल टाकलं की ती कोठीमागं जाते आणि मी बाहेर पडेपर्यंत येत नाही. मी तिला परत हाक मारली नाही. तो हक्क मला राहिलेला नाही. मुलगी माझ्याशी कामापुरतं बोलायची, तेही आईच्या तोंडून.

तिचं प्लास्टर काढून आणलं त्या दिवशी दुपारी ती कोठीजवळ बसली होती. मी दारातच खाली बसलो, आत गेलो नाही. मनगट वाळलेलं, बारीक दिसत होतं. ती स्वतःहून बोलली.

"त्या दिवशी मी न्हाणीत होते. तुमची हाक ऐकली मी. मला वाटलं दूध घालताय तिला." मग तिनं माझ्या डोळ्यात बघितलं. "तिला हाक कशाला मारली, पप्पा?"

राग, झोप, नुकसान, सगळं सांगता आलं असतं. ते सगळं मी बायकोला सांगून झालं होतं.

"हाक मारली की ती येती, म्हनून," मी म्हणालो. "तिनं काही केलं न्हाई, हे मला ठाऊक होतं. मारताना पन ठाऊक होतं. तुला लागलं ते बघूनसुद्धा मी दुसरा फटका मारला, तो चुकून न्हाई लागला. दवाखान्यात तुझ्यासमोर खोटं बोललो. माझं लई चुकलं, माय. मला माफ कर."