मिनिटमास्तर

कुणाला फिट आली की लोक चप्पल शोधत. आमचे विज्ञानाचे मास्तर घड्याळ बघत. म्हणून रत्नागिरीतल्या आमच्या शाळेत त्यांना मिनिटमास्तर म्हणत.

फिट मला येत असे. नववीत वर्गात दुसऱ्यांदा आली. शुद्धीवर आले तेव्हा हातात शाळेच्या चाव्यांचा जुडगा होता. तो बाबू शिपायाने कोंबला होता. मास्तरांनी मला कुशीवर वळवलं होतं आणि ते शेजारी जमिनीवर बसले होते.

"बघा मास्तर, हातात लोखंड दिलंन् नि थांबली," बाबू म्हणाला.

"दोन मिनिटं दहा सेकंद. मागच्या वेळी तू पोस्टात गेला होतास, तेव्हाही दोनच मिनिटं. चावीनं थांबत असेल तर बाबू, दवाखाना काढ." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझ्याच मेंदूनं थांबवली गो."

मास्तरांकडे टपालाने एक विज्ञानमासिक येई. शाळा सुटल्यावर कुंपणाच्या गडग्याच्या चिऱ्यांवर बसून ते त्यातलं सांगत. मेंदू स्वतःच काही बारीक प्रथिनं तयार करतो, त्यांना पेप्टाइड म्हणतात. त्यांतली काही अफूसारखी काम करतात. उंदरांना झटका येऊन गेला की यांतली काही वाढतात आणि पुढचा झटका काही काळ अडवत असावीत, असं दिसलं होतं.

"मग गोळ्या बंद करू?" मी विचारलं.

"तू उंदीर आहेस? हे अजून त्यांच्यापुरतं आहे. गोळी चुकवायची नाही."

दहावीला हेडमास्तरांनी वडिलांना बोलावलं. परीक्षेत काही झालं तर जबाबदारी कुणाची, मुलीला घरीच ठेवा, म्हणाले. वडील मान खाली घालून उभे होते. मास्तरांनी टेबलावर माझ्या फिटांच्या नोंदींची वही ठेवली.

"आजवर सात वेळा, साहेब. तीन मिनिटांच्या वर एकदाही नाही. नंतर अर्धा तास गुंगी. उरलेल्या वेळात ही पास होते. मी बाहेर बसतो."

प्रत्येक पेपरला ते व्हरांड्यात बसले. फिट फक्त भूगोलाला आली. मी पास झाले.

पुढे मला मुंबईत एका दैनिकात नोकरी लागली. मास्तर त्याच वर्षी गेले. वडिलांचं पत्र मिळालं तेव्हा दिवसकार्यही उरकलं होतं.

त्यानंतर महिन्याभराने कचेरीत फिट आली. डोळे उघडले तेव्हा नाकाशी चप्पल होती. भोवती सहा माणसं होती, चौघांच्या मनगटावर घड्याळं.

"किती मिनिटं?" मी विचारलं.

ते एकमेकांकडे बघू लागले.